विशेष सूचना

“हे जरा…” एवढंच म्हणून निशिओका-सान थांबल्या. त्यांच्या पेनाचं टोक कागदाच्या बोटभर वर तसंच राहिलं.

“जरा काय?” मी विचारलं.

“जरा… अवघड आहे.”

ओसाकातल्या आमच्या हॉटेलच्या नवव्या मजल्यावर, पाळणाघराच्या दारात आम्ही उभ्या होतो. सकाळचे साडेआठ वाजले होते. जाई माझ्या कडेवर होती, चौदा महिन्यांची, माझ्या ओढणीचं टोक चघळत. समोरच्या बुटक्या टेबलावर अर्ज होता आणि त्याखाली पिवळी कार्बन प्रत. बाळाचं नाव, झोपेची वेळ, काय खातं, कशानं रडतं. प्रत्येक रकाना मी इंग्रजीत भरत होते आणि माझ्या ओळीखाली निशिओका-सान तेच जपानीत लिहीत होत्या, कारण जाईला सांभाळणाऱ्या ओकुदा-सान यांना इंग्रजी येत नव्हतं. शेवटचा रकाना आपत्तीच्या वेळी पालकांच्या विशेष सूचनांचा होता. बाकीचे पालक तो कोरा सोडत असावेत. मी त्यात लिहिलं होतं: भूकंप झाल्यास बाळाला ताबडतोब इमारतीबाहेर, मोकळ्या जागेत न्यावे. आत थांबू नये. ‘आत थांबू नये’च्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

“भाषांतराला अवघड आहे का?”

“भाषांतराला नाही,” त्या म्हणाल्या. “इथे साधारणपणे…” आणि पुन्हा थांबल्या. त्या दोन दिवसांसाठी आमच्या गाईड होत्या, वयानं अठ्ठावन्नच्या, तीस वर्षं परदेशी माणसांना हे शहर दाखवत आलेल्या. इंग्रजी स्वच्छ होतं, पण निम्मी वाक्यं अशी मध्येच सोडून द्यायची सवय. मला त्याचा सकाळपासूनच वैताग आला होता.

मी म्हटलं, “मी भूकंपातून वाचलेली आहे, निशिओका-सान. मला ठाऊक आहे काय करायचं ते.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मान झुकवली आणि लिहून टाकलं.

मी खोटं बोलत नव्हते. किल्लारीपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. त्र्याण्णव साली मी चार वर्षांची होते. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी सगळी घरं. पहाटे जमीन हलली तेव्हा आईनं हाताला लागलं ते मूल उचललं आणि अंगणात पळाली. ते मूल मी होते. मला खाली टाकून ती धाकट्याला आणायला वळली, तेवढ्यात घर बसलं. धाकटा अकरा महिन्यांचा होता. पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग सरकारी घरात, पण आईनं आम्हाला एकच कवायत शिकवली. हललं की बाहेर. चप्पल शोधायची नाही, वळून बघायचं नाही. मी पुण्याला शिकले, एम.एस्सी. झाले, तरी नव्या ठिकाणी गेले की आधी दार बघायची. त्या हॉटेलातही पहिल्या दिवशी मी नवव्या मजल्यावरून जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरले होते. कपिल हसला होता.

कपिल म्हणजे माझा नवरा. कंपनीनं त्याला आठ दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं, त्याचा कारखाना रेल्वेनं दोन तासांवर. आम्हाला बरोबर आणायची हौस त्याचीच. चार दिवस मी खोलीतून बाहेर पडले नाही म्हणून त्यानं माझ्यासाठी गाईड ठरवली, हॉटेलच्या पाळणाघरात नाव घातलं. तू जन्माला येऊन एकदा जपानला आलीस आणि चादरीच्या घड्या मोजत बसलीस असं पुढे सांगणार आहेस का जाईला, असं म्हणाला. जाईला जन्मल्यापासून मी एक तासाहून जास्त कोणाकडे सोडलं नव्हतं. आज साडेचार तास सोडणार होते.

ओकुदा-सान पासष्टीच्या पुढच्या असतील. बुटक्या, रुंद चेहऱ्याच्या, एप्रनवर ससा शिवलेला. त्यांनी अर्ज हातात घेतला, एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचला. शेवटच्या रकान्याशी बोट थांबलं. त्यांनी निशिओका-सान यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा एकदा वाचलं. मग “हाय”, म्हणजे हो, म्हणून मान लववली, कागदाची चौकोनी घडी केली आणि एप्रनच्या खिशात घातली. पिवळी प्रत मला दिली. जाई त्यांच्याकडे गेली, रडली नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

*

शहराच्या दक्षिण टोकाला एक जुनं देवस्थान आहे, तिथपर्यंत आम्ही एका डब्याच्या ट्रॅमनं गेलो. घरांच्या परसातून गेल्यासारखी ती ट्रॅम जाते. वाळत घातलेले टॉवेल हाताला लागतील इतक्या जवळून. निशिओका-सान खिडकीतून दाखवत होत्या, सांगत होत्या. एकदा म्हणाल्या की ट्रॅम अशीच पुढे गेली की नदी लागते आणि नदीपलीकडे त्यांचं घर आहे. देवळापासून वीस मिनिटं. मी हो-हो केलं. माझं लक्ष घड्याळात होतं.

देवळाच्या आवारात तळं होतं आणि त्यावर कमानीसारखा उंच लाल पूल. अकरा चाळीसला आम्ही पूल उतरून झाडांखाली आलो. माझी छाती जड व्हायला लागली होती, जाईची प्यायची वेळ झाली होती. परत निघू या असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि आवारातल्या सगळ्यांचे फोन एकदम ओरडायला लागले. सगळ्यांच्या खिशांतून तोच एक आवाज, माझ्याही. तो भूकंपाचा इशारा आहे हे मला कळायच्या आत निशिओका-सान यांनी माझा दंड धरला आणि मला मोकळ्या जागेत ओढून खाली बसवलं. मग जमीन हलली.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तळ्यातलं पाणी काठावर चढलं. रस्त्याकडचे दगडी दिवे जागच्या जागी डुलत होते, अंगात आल्यासारखे. कोणी किंचाळलं नाही, हे मला सर्वांत भयंकर वाटलं. माणसं उकिडवी बसून डोक्यावर पिशव्या धरून होती, जणू पाऊस थांबायची वाट बघत होती.

थांबलं तेव्हा माझं डोकं आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं. मी उठले आणि म्हणाले, “बरं झालं, मी लिहून दिलं होतं. जाई एव्हाना बाहेर असेल.”

निशिओका-सान गुडघ्यावरची माती झटकत होत्या आणि झटकतच राहिल्या.

गाड्या बंद. ट्रॅम पुढच्याच वळणावर उभी होती, आतली माणसं शिडीनं उतरत होती. हॉटेलचा फोन लागेना. एका कोपऱ्यावर हिरवा सार्वजनिक फोन होता. संकटाच्या वेळी तो आधी लागतो असं म्हणून निशिओका-सान रांगेत उभ्या राहिल्या. अठरा माणसं पुढे होती. त्यांचा नंबर आला तेव्हा हॉटेलची लाइन व्यस्त. दुसऱ्यांदा फिरवायला त्यांनी हात उचलला, मागच्या माणसांकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. मला किंचाळावंसं वाटलं. तेवढ्यात कपिलचा निरोप आला: मी ठीक आहे, इथे अडकलोय, तुम्ही? मी उत्तर पाठवलं: दोघी ठीक आहोत. ते मला माहीत नव्हतं, तरी पाठवलं.

“चालत किती?” मी विचारलं.

“अकरा किलोमीटर. तीन तास.”

त्यांनी पर्समधून घडी केलेला नकाशा काढला. भूकंप झाल्यावर चालत घरी जाण्यासाठी तसे नकाशे तिथे मिळतात. रस्ते रंगवलेले असतात, पाणी कुठे, मुतारी कुठे, कुठल्या गल्लीत जाऊ नये, सगळं. त्यांनी तो क्षणभर दक्षिण वर करून धरला. मग उलटा केला आणि आम्ही उत्तरेकडे निघालो.

*

पहिला तासभर मी त्यांच्या पुढे चालत होते. रस्ते माणसांनी भरले होते, सगळे एका लयीत, डाव्या बाजूनं चालणारे. दुकानदारांनी पाण्याच्या बाटल्या दारात मांडल्या होत्या. एका चौकात लाल दिवा होता. गाडी एकही नव्हती, दोन्हीकडे नजर पोचेल तिथपर्यंत रिकामं. निशिओका-सान थांबल्या. सगळेच थांबले.

“चला ना,” मी म्हटलं.

“लाल आहे.”

“तुम्हाला मुलं आहेत?”

त्यांनी दिव्यावरची नजर काढली नाही. “नाहीत,” म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला. माझ्या बोलण्याची मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट पुढच्या फाट्यावर मी फोन काढून भांडले. माझ्या फोनमधला नकाशा सरळ मोठा रस्ता दाखवत होता, आणि त्या उजवीकडे चढाच्या रस्त्यानं न्यायला बघत होत्या. दहा-पंधरा मिनिटांचा फेर होता. मी म्हटलं, तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ, मी एकटी जाते. त्या म्हणाल्या की तो चढ म्हणजे टेकडीची धार आहे, जुनी घट्ट जमीन. मोठ्या रस्त्यावर उंच इमारती आहेत.

“उंच इमारती आहेत म्हणजे?”

“वर काचा आहेत,” त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या. माझा नाइलाज झाला. फोनची बॅटरी नऊ टक्के होती आणि पाट्या मला वाचता येत नव्हत्या.

चढावर एक बालवाडी लागली. कुंपणापलीकडे मोठ्या खिडक्या आणि आत पिवळ्या टोप्यांची मुलं. आम्ही तिथवर आलो आणि फोन पुन्हा ओरडले. मी तीरासारखी रस्त्याच्या मधोमध पळाले. निशिओका-सान माझ्या मागोमाग आल्या, त्यांनी माझं डोकं खाली दाबलं. जमीन हलली, पहिल्याहून कमी. आणि त्या खिडकीतून मला दिसलं की आतली सगळी मुलं एका झटक्यात टेबलांखाली गेली. टेबलाचे पाय दोन्ही हातांनी धरून बसली. बाई मधोमध ओणव्या. दार उघडं होतं, समोर एवढं मोठं पटांगण होतं, आणि कोणी बाहेर आलं नाही.

“त्यांना बाहेर का नाही आणत?” मी ओरडले. “दार तर उघडं आहे.”

समोरच्या चार मजली इमारतीच्या वरच्या कडेवरून फरशीचा एक तुकडा सुटला आणि पदपथावर, आम्ही मघाशी जिथून चालत होतो तिथे, येऊन फुटला. त्याच्या मागून काच आली, पावसासारखी, बारीक आवाज करत. मग सगळं थांबलं.

निशिओका-सान हळूच म्हणाल्या, “इथे घर पडत नाही. घरावरचं पडतं. म्हणून हलत असताना कोणी बाहेर जात नाही. थांबेपर्यंत आत, टेबलाखाली. मुलं चालायला लागतात तेव्हापासून आम्ही हे शिकवतो.”

मी त्या काचेकडे बघत होते.

“मग माझा कागद?”

त्यांनी नकाशाची घडी पुन्हा घातली.

“ओकुदा-सानना हे माहीत असेल ना? त्या ह्याच गावच्या आहेत. कोणी काही लिहिलं म्हणून त्या बाळाला घेऊन… त्या आतच थांबल्या असतील. हो ना?”

निशिओका-सान यांनी वाक्य मध्ये सोडलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ते पुरं केलं. “तुम्ही लिहून दिलं आहे,” त्या म्हणाल्या. “त्या तसंच करतील.”

पुढचे दोन तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. जिथे काच दिसेल तिथे मी वर बघायची. हॉटेल एकवीस मजल्यांचं होतं आणि आजूबाजूला त्याहून उंच इमारती. नऊ मजल्यांचा जिना, एकशे बासष्ट पायऱ्या, मीच मोजलेल्या. माझा कुडता छातीशी ओला झाला होता, मी ओढणी पुढे घेतली. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: ‘आत थांबू नये’ आणि खाली दोन रेघा. दुसरी रेघ ओढायची काय गरज होती. एका ठिकाणी माझ्या सँडलचा पट्टा तुटला. निशिओका-सान खाली बसल्या, पर्समधली एक रबराची पट्टी काढून पावलाभोवती बांधली, गाठ घट्ट झाली का ते बोटानं पाहिलं आणि उठल्या. आता लाल दिव्याशी मीही गप्प उभी राहत होते.

*

हॉटेलवर पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. लिफ्ट बंद, लॉबीत पाहुणे गादीच्या चादरी गुंडाळून बसलेले. सगळे आत. काउंटरवरच्या मुलीनं यादी काढली, बोट फिरवलं, निशिओका-सान यांना काहीतरी सांगितलं.

“अकरा बेचाळीस,” त्या मला म्हणाल्या. “तेव्हा पाळणाघरातून निघाल्या. जिन्यानं खाली, मग मागच्या दारानं बाहेर.”

अकरा बेचाळीसला जमीन अजून हलत होती.

मागच्या गल्लीत काचांचा सडा पडला होता. कोणीतरी तो झाडून एका बाजूला केला होता आणि त्या ढिगावर एक बारीकसा केशरी दिवा ठेवला होता, लोकांनी सांभाळून जावं म्हणून. मी धावले. गल्लीच्या टोकाला शाळा होती, शाळेचं मोकळं मैदान. बरोबर मधोमध, कुठल्याही भिंतीपासून, खांबापासून, झाडापासून लांब, एक बुटकी बाई जमिनीवर बसली होती. तिच्या छातीशी रुंद पट्ट्यानं बाळ बांधलं होतं. बाळाच्या डोक्यावर हॉटेलचं पांढरं शिरस्त्राण, मोठ्या माणसाचं, नाकापर्यंत आलेलं. बाळ त्याचा पट्टा चघळत होतं.

मी जाईला घेतलं, सगळीकडे चाचपलं. डोकं, मान, हात, पाठ. ओरखडाही नव्हता. तिनं मला बघितल्यावर मात्र भोकाड पसरलं. मी तिथेच मातीत बसले, ओढणी घेतली आणि तिला पाजायला घेतलं.

ओकुदा-सान उठल्या, समोर आल्या आणि कमरेतून वाकून काही बोलल्या. एकदा, दोनदा. त्यांच्या डोक्याला हात पुसायचा टॉवेल बांधला होता. कानामागून तो तपकिरी झाला होता, एप्रनवरचा ससा एका बाजूनं लाल.

“काय म्हणताहेत?” मी विचारलं.

निशिओका-सान यांना सांगायला वेळ लागला. “त्या माफी मागताहेत. येताना बाळाचा एक मोजा कुठेतरी पडला.”

मी खाली पाहिलं. जाईचं डावं पाऊल उघडं होतं.

मग हॉटेलचा मॅनेजर आला. काळा सूट, हातात पाण्याच्या बाटल्या, चाळिशीचा. इंग्रजी माझ्याहून बरं बोलत होता. तोही वाकला. म्हणाला की हॉटेलचा नियम स्पष्ट आहे, हलत असताना मुलांना आतच ठेवायचं. ओकुदा-सान यांनी नियम मोडला, सुदैवानं वरून आलेली काच त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली, त्या बाळावर ओणव्या झाल्या. नंतर तीनदा सांगूनही त्या आत यायला तयार झाल्या नाहीत, पट्टी बांधायलासुद्धा. या घटनेबद्दल हॉटेल मनापासून दिलगीर आहे. उद्यापासून त्यांना मुलांचं काम दिलं जाणार नाही.

ओकुदा-सान खाली मातीकडे बघत होत्या. त्यांचा एक हात एप्रनच्या खिशावर होता. तो कागद आत होता हे मला माहीत होतं. त्यांनी तो काढला नाही.

आता बोलायचं ते मीच बोलायला हवं होतं. घसा तयार होता, शब्द तयार होते. पण जाई माझ्या कुशीत होती, गरम, जड, धडधाकट, आणि मला वाटलं की मी तोंड उघडलं तर हा माणूस, ह्या दोघी, उद्या कपिल, परवा आई, सगळे मला विचारतील की तू स्वतःच्या हातानं लिहून दिलंस? मी ओढणी नीट केली. जाईचं डोकं झाकलं.

निशिओका-सान पुढे झाल्या. मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या आणि वाकल्या. तसं वाकलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. पाठ जमिनीला समांतर झाली आणि तशीच राहिली. वाकलेल्या अवस्थेतच त्या काहीतरी बोलल्या, लहान, सपाट वाक्य. मॅनेजरनं मान हलवली.

“काय सांगितलंत?” मॅनेजर आणि ओकुदा-सान गेल्यावर मी विचारलं.

“चूक माझी होती, असं.”

मी काही म्हणायच्या आत त्यांनी घड्याळ पाहिलं, पर्स खांद्याला लावली. मी आता निघते, म्हणाल्या. उद्याचा बेत बहुधा होणार नाही, गाड्या सुरू व्हायच्या नाहीत. आई घरी एकटी आहे, सत्त्याऐंशी वर्षांची, फोन लागत नाही. त्यांनी मला नमस्कार केला, जाईच्या उघड्या पावलाला बोट लावलं आणि फाटकाकडे चालायला लागल्या.

त्या फाटकातून वळल्या तेव्हा मला ट्रॅमची खिडकी आठवली. नदीपलीकडे. देवळापासून वीस मिनिटं.

मी तुटक्या सँडलनं धावले. कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी त्या सापडल्या. लाल होता, म्हणून सापडल्या.

“तुम्ही खोटं का बोललात?” मी विचारलं. मला धाप लागली होती, जाई खांद्यावर उसळत होती. “तुम्ही बरोबर लिहिलं होतं. चूक माझी आहे.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “मी खोटं बोलले नाही. सकाळी मी म्हटलं, जरा अवघड आहे. आमच्याकडे एवढं म्हटलं की समोरचा समजतो, हे करायचं नाही. तुम्ही नाही समजणार, हे मला माहीत होतं. तीस वर्षं मी हेच काम करते. मी स्पष्ट ‘नको’ म्हणायला हवं होतं. पाहुण्याला नको म्हणायचं नाही म्हणून नाही म्हटलं.” त्यांनी दिव्याकडे पाहिलं. “तुम्ही म्हणालात, मी भूकंपातून वाचले आहे. मग मला वाटलं, ही माणसं ज्यातून गेली त्यात मी कोण बोलणार.”

दिवा हिरवा झाला. त्या रस्ता ओलांडून दक्षिणेकडे गेल्या, हातात तोच नकाशा, आता पुन्हा दक्षिण वर केलेला. पुन्हा अकरा किलोमीटर आणि वर वीस मिनिटं. मी त्यांच्याशी पुढे वर्षभर पत्रव्यवहार केला, म्हणून मला माहीत आहे की त्यांच्या आई टेबलाखाली उशी घेऊन बसल्या होत्या आणि लेकीला उशीर का झाला म्हणून रागावल्या होत्या. पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

मी लॉबीत गेले. पर्समधून पिवळी प्रत काढून मॅनेजरसमोर ठेवली. ओकुदा-सान बाजूच्या खुर्चीवर होत्या, एक मुलगी त्यांची पट्टी बांधत होती. अखेर त्या आत आल्या होत्या. बाळ माझ्याकडे सोपवल्यावर.

“हे मी लिहिलंय,” मी म्हटलं. “वरची इंग्रजी ओळ माझी आहे. त्यांनी फक्त मी सांगितलं तेवढं केलं. दोघींनीही.”

त्यानं प्रतीकडे पाहिलंही नाही. “वाचलं होतं,” तो म्हणाला. “ओकुदा-सान यांनी दुपारी मैदानावर मला दाखवलं होतं. आत या म्हटलं की त्या हा कागद दाखवत होत्या.”

“मग मघाशी मला तसं का नाही सांगितलंत?”

“ते तुम्ही सांगायचं होतं.”

आवाजात राग नव्हता. त्यानं ओकुदा-सान यांच्याशी काही बोलून घेतलं, मग काउंटरखालून नवा कोरा अर्ज काढला, खाली पिवळी प्रत लावली. उद्याचंही नाव नोंदवलेलं होतं. रद्द करायचं का, त्यानं विचारलं. केलं तरी चालेल, आणि ठेवलं तर सांभाळायला कोण हवं तेही सांगा.

जाई आता अकरा वर्षांची आहे. तिला यातलं काही आठवत नाही आणि कपिलला मी त्याच रात्री फोनवर सगळं सांगितलं. आईला मात्र आजही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कुठेही गेले नाही. पाळणाघरात भिंतीला टेकून दिवसभर बसून राहिले आणि ओकुदा-सान जाईला ठोकळे रचून देत होत्या. पण तो अर्ज मी त्याच दिवशी, लॉबीत उभ्यानंच भरला. नाव, झोपेची वेळ, काय खातं, कशानं रडतं. शेवटच्या रकान्याशी माझं पेन बराच वेळ थांबलं. मग मी लिहिलं: ओकुदा-सान ठरवतील.

मॅनेजरनं त्याखाली जपानीत लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, कागदाची चौकोनी घडी केली आणि खिशात ठेवली. मग हात पुढे केला. जाईचं डावं पाऊल गार पडलं होतं. ते त्यांनी मुठीत घेतलं आणि गरम होईपर्यंत सोडलं नाही.